कारणाचा रकाना कोरा का?

(माजलगाव येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून लिहून काढलं आहे.)



मला आज ‘स्त्रिया आणि किडनीचे आजार’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. करून इथे काम करायला लागले त्याला दहा वर्षं होत आली. या काळात केसपेपर काढणं, रांगेत बायकांबरोबर उभं राहणं, डॉक्टर काय म्हणाले ते बाहेर आल्यावर समजावून सांगणं हे पुष्कळ केलं. त्यामुळे मी औषधपाणी सांगणार नाही. हातात आलेली तपासणीची चिठ्ठी कशी वाचायची आणि ती वाचून कुठला प्रश्न विचारायचा, एवढंच सांगणार आहे. हा प्रश्न मी स्वतः एकदा विचारला नाही. त्याची गोष्ट आधी सांगते.

ही पिशवी बघा. खतवाल्याच्या दुकानातली आहे. हिच्यात एका बाईचे वीस वर्षांचे दवाखान्याचे कागद आहेत. त्यांना आपण नुसतं आक्का म्हणू. कागद दाखवायला त्यांची परवानगी घेतली आहे. आक्का तालुक्यातल्याच एका गावच्या. लग्न झाल्यापासून कोयता. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचं, कधी कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात, ते पाडव्याच्या पुढेमागे परत यायचं. बत्तिसाव्या वर्षी गर्भाशय काढलेलं. आज त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालतं. त्यांच्या सगळ्यात वरच्या केसपेपरवर निदान लिहिलंय, ‘किडनीचा दीर्घ आजार, पाचवी पायरी’. त्याच्या खाली एक रकाना आहे, ‘कारण’. तो कोरा आहे.

मी त्या डॉक्टरांना विचारलं, कारण का नाही लिहिलं? ते चांगले माणूस होते, वैतागले नाहीत. म्हणाले, “ताई, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या दिसतायत. आता आतून तुकडा काढून तपासला तरी सगळीकडे व्रणच दिसतील. कशामुळे झालं हे शोधायची वेळ निघून गेली.”

वेळ कधी निघून गेली ते शोधायला म्हणून मी ही पिशवी घरी आणली. रात्री सगळे कागद तारखेवार लावले. त्यात २०१८ सालच्या एका आरोग्य शिबिराची चिठ्ठी सापडली. क्रिएटिनिन १.२. बाजूला छापलेलं, ‘नॉर्मल ०.६ ते १.४’. खाली लघवीची तपासणी, ‘अल्ब्युमिन एक प्लस’. आणि कोपऱ्यात निळ्या पेनानं बरोबरची खूण. ती खूण माझी आहे. ते शिबिर आमच्याच संस्थेनं घेतलं होतं आणि चिठ्ठ्या वाटायला मी बसले होते. आक्का म्हणाल्या होत्या, “ताई, बघा बरं, काही हाय का त्यात?” मी आकडा बघितला, कंसातल्या दोन आकड्यांच्या मध्ये बसत होता. म्हटलं, “काही नाही आक्का, नॉर्मल आहे.”

त्या वेळी आक्का पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. वजन एकोणचाळीस किलो.

आता हे क्रिएटिनिन काय प्रकरण आहे ते बघू. आपल्या अंगातले स्नायू काम करतात, झिजतात, त्यातून हा एक टाकाऊ पदार्थ तयार होतो. रक्तात येतो, किडनी तो गाळून लघवीतून बाहेर टाकते. किडनी कमी गाळायला लागली की तो रक्तात साठतो. मोरीत पाणी तुंबावं तसं. तर क्रिएटिनिन वाढलं याचा अर्थ मोरीत पाणी तुंबलंय. पण केस अडकले, राख अडकली, की खालची नळीच बसली, हे वर तुंबलेल्या पाण्याकडे बघून कळत नाही. किती बिघडलं एवढंच हा आकडा सांगतो. कशानं बिघडलं त्याबद्दल तो गप्प असतो.

आणि ‘किती’ हे तरी तो सगळ्यांना सारखं सांगतो का? नाही. इथेच आपल्याशी दगाफटका होतो. ज्याच्या अंगात स्नायू जास्त, त्याच्या रक्तात क्रिएटिनिन मुळातच जास्त. ज्याच्या अंगात कमी, त्याच्यात कमी. पंचेचाळीस वर्षांचा पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांची बाई, दोघांचं क्रिएटिनिन १.२ आलं असं धरा. किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज काढायचं एक सूत्र आहे, त्याला जी.एफ.आर.चा हिशोब म्हणतात. २०२१ साली सुधारलेलं सूत्र लावून मी हा हिशोब केला. पुरुषाचा आकडा येतो ७६. बाईचा येतो ५७. साठाच्या खालचा आकडा तीन महिने टिकला, तर त्याला किडनीचा दीर्घ आजार म्हणतात. म्हणजे त्याच १.२ ला पुरुषाची किडनी बऱ्यापैकी चालते आहे आणि बाई आजाराच्या रेषेखाली गेली आहे. चिठ्ठीवर मात्र दोघांसाठी एकच ‘नॉर्मल’ छापलेलं. हे नॉर्मल कुणाचं? भरल्या अंगाच्या पुरुषाचं. एकोणचाळीस किलोच्या, दिवसातून दोन भाकरी खाणाऱ्या बाईचं नव्हे. तिच्याबाबतीत तर ५७ हा आकडासुद्धा फुगवलेलाच असण्याचा संभव, कारण सूत्राला तिचं वय माहीत असतं, ती बाई आहे हे माहीत असतं. तिचे दंड किती बारीक आहेत ते माहीत नसतं.

यावर उपाय आहे. सिस्टॅटिन-सी नावाचा दुसरा पदार्थ रक्तात मोजता येतो, तो स्नायूंवर फारसा अवलंबून नसतो. मोठ्या लॅबमध्ये होते ही तपासणी, क्रिएटिनिनपेक्षा बरीच महाग पडते. संशय असेल तेव्हा एकदा करायला हरकत नाही. पण त्याच्या आधीची, बिनपैशाची गोष्ट अशी की लॅबनं चिठ्ठीवर क्रिएटिनिनबरोबर जी.एफ.आर.चा आकडा छापावा. मोबाईलवर वय, बाई की पुरुष आणि क्रिएटिनिन घातलं की क्षणात निघतो तो. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक लॅबवाल्याकडे आपण हे मागायला हवं. मी एकाकडे मागितलं. तो म्हणाला, “मॅडम, फॉर्म छापून ठेवलेत हजार.” हजार संपेपर्यंत वाट बघू म्हटलं, पण पुढचे हजार मी बघून घेणार आहे.

आता लघवी. कुणी तरी मागून हसलं. हसा. बाटली हातात घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यातून जायची लाज मलाही वाटते. ती पदराखाली लपवून नेणाऱ्या बायका मी रोज बघते. पण गंमत सांगते. लंडनच्या गाईज रुग्णालयात रिचर्ड ब्राईट नावाचे डॉक्टर होते. १८२७ साली त्यांनी अंगावर सूज असलेल्या रोग्यांबद्दल लिहून ठेवलं. ते रोग्याची लघवी चमच्यात घ्यायचे, मेणबत्तीवर धरायचे. काहींची लघवी अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठायची. अशा रोग्यांच्या किडन्या मेल्यानंतर उघडून पाहिल्या तर खराब निघायच्या. अंड्याच्या पांढऱ्यात असतं तसं प्रथिन, अल्ब्युमिन, लघवीतून जात होतं. किडनीच्या आजाराची ओळख अशी चमच्यात पटली. आजची कागदी पट्टी म्हणजे त्या चमच्याची नात.

अल्ब्युमिन लघवीत का येतं? एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला पुढे एक लांब नळी असते. गाळणी शाबूत असेल तर अल्ब्युमिन रक्तातच राहतं. चहाची गाळणी फाटली की चोथा कपात येतो, तसं गाळणीला इजा झाली की अल्ब्युमिन लघवीत उतरतं. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायावर सूज दिसते. पट्टीवर ‘एक प्लस’ आलं तर पुढची तपासणी म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण, चिठ्ठीवर ए.सी.आर. लिहितात. आपण एखाद्या दिवशी घागरभर पाणी पितो, एखाद्या दिवशी घोटभर. लघवी पातळ-घट्ट होते, नुसतं अल्ब्युमिन मोजलं तर फसगत होते. म्हणून लघवीतल्याच क्रिएटिनिनशी त्याचा भागाकार करतात. तीसच्या आत असेल तर ठीक. तीस ते तीनशे म्हणजे गळती सुरू झाली आहे. तीनशेच्या वर म्हणजे बरीच आहे. ज्यांना साखर आहे, रक्तदाब आहे, त्यांनी ही तपासणी वर्षातून एकदा करायचीच. किडनी बिघडण्याची सगळ्यात मोठी कारणं हीच दोन आहेत आणि त्यांत गळती बहुतेक वेळा क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी सुरू होते.

बायकांसाठी यात दोन-तीन गोष्टी आहेत, त्या कुणी सांगत नाही. पाळी चालू असताना लघवी द्यायची नाही, रक्त मिसळून चिठ्ठी चुकीची येते. अंगावरून पांढरं जात असेल तर आधी सांगायचं. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धरायची. ताप असताना किंवा दिवसभर उन्हात राबून आल्यावर दिलेल्या लघवीत थोडं अल्ब्युमिन तात्पुरतंही दिसू शकतं, म्हणून एका चिठ्ठीवर घाबरायचं नाही. पुन्हा तपासायचं. आणि पुन्हा तपासलं नाही तर मग काय होतं ते ही पिशवी सांगते. २०१८ साली आक्काचं ते ‘एक प्लस’ पुन्हा तपासलं असतं, तर किडन्या अजून आक्रसल्या नव्हत्या. कारण शोधता आलं असतं.

कुठली कारणं? मी आक्कांना आता, सात वर्षांनी, बसवून विचारलं. गोळ्या कुठल्या खायच्या? “आंगदुखीच्या. सकाळी एक, रातच्याला एक. मुकादम द्यायचा, कधी दुकानातून.” उपाशीपोटी? “फडात जाताना कुठं खाणं असतंय?” पाणी? “एक कॅन दोघांत. जास्ती पिलं तर जायचं कुठं? गडीमाणसं आजूबाजूला.” रक्तदाब कधी मोजला? बाळंतपणात पाय सुजले होते तेव्हा, “दाब हाय म्हणले होते.” आता बघा, एका बाईच्या सात-आठ उत्तरांत चार कारणं बसली आहेत. वेदनाशामक गोळ्या, त्याही पाणी कमी असलेल्या शरीरात, किडनीला इजा करतात. ज्यांना गरोदरपणात रक्तदाब वाढून त्रास झाला, त्यांना पुढे किडनीचा धोका जास्त असतो. लघवी रोखून धरणं, वारंवार जंतुसंसर्ग. आणि ऊन.

उन्हाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण हा आपल्या जिल्ह्याचा विषय आहे. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वादोर हे छोटे देश आहेत. तिथेही ऊस, तिथेही कोयता. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिथे असं लक्षात आलं की ऊस तोडणारे तरणेताठे पुरुष किडनी निकामी होऊन मरतायत. साखर नाही, रक्तदाब नाही. कारण शोधणाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. हंगाम सुरू होण्याआधी कामगारांचं रक्त आणि लघवी तपासली, हंगाम संपल्यावर त्याच माणसांची पुन्हा तपासली. ऊस तोडणाऱ्यांची किडनी त्या पाच-सहा महिन्यांत कारखान्याच्या आत काम करणाऱ्यांपेक्षा जास्त घसरलेली निघाली. त्यांच्या लघवीत एनगॅल नावाचं एक प्रथिनही वाढलेलं सापडलं. नळ्यांना इजा झाली की हे वाढतं, क्रिएटिनिनच्या कितीतरी आधी. कडक उन्हात, पुरेसं पाणी आणि विसावा न घेता, दिवसामागून दिवस जड काम, हा पहिला संशयित ठरला. कीटकनाशकं, धूळ, राख, जंतू यांच्यावरही वाद चालू आहेत. आपल्याकडे आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात नारळ-काजूच्या बागांतल्या गावांमध्ये असाच कारण न सापडलेला किडनीचा आजार पसरला आहे.

या आजाराची एक खोड नीट लक्षात ठेवा. इथे आधी इजा होते ती नळ्यांना, गाळणीला नव्हे. म्हणून लघवीत अल्ब्युमिन फारसं उतरत नाही. पट्टी स्वच्छ येते! नुसती लघवी तपासणारं शिबिर अशा बाईला ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवील. उलट गाळणीच्या आजारात क्रिएटिनिन कितीतरी दिवस नॉर्मल राहतं, आणि नुसतं रक्त तपासणारं शिबिर तिला घरी पाठवील. दोन्ही एकत्र वाचलं तर कारणाची पहिली दिशा कळते. लघवीत अल्ब्युमिन पुष्कळ, म्हणजे गाळणीकडे बघा. क्रिएटिनिन वाढलंय पण अल्ब्युमिन किरकोळ, म्हणजे नळ्या, गोळ्या, ऊन, मुतखडा, अडथळा यांकडे बघा. लघवी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की आणखी थोडं कळतं. वेड्यावाकड्या आकाराच्या तांबड्या पेशी गाळणीच्या सुजेकडे बोट दाखवतात, पांढऱ्या पेशी संसर्गाकडे.

यापुढची दारं मोठ्या दवाखान्यात उघडतात. सगळी सांगत बसत नाही, दोन सांगते. एक आजार आहे ल्युपस. शरीराची संरक्षक शक्ती शरीरावरच उलटते. दहा रोग्यांमध्ये नऊ बायका, आणि बहुतेक तरुण. सांधे दुखतात, केस गळतात, गालावर चट्टा उठतो, तोंडात फोड येतात, घरचे म्हणतात हिची नाटकं चालू आहेत. किडनीत शिरला तर लघवीत अल्ब्युमिन. रक्तात ए.एन.ए. आणि डी.एस.-डी.एन.ए. या प्रतिपिंडांची तपासणी केली की दिशा मिळते, आणि उपचार आहेत. दुसरी तपासणी अलीकडची. गाळणीचा पडदा जाड होणारा एक आजार आहे, मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी. २००९ साली बोस्टनच्या संशोधकांनी अशा रोग्यांच्या रक्तात पी.एल.ए.टू.आर. या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं शोधली. ज्यांना हा आजार दुसऱ्या कुठल्या कारणाशिवाय होतो, त्यांच्यापैकी साधारण सत्तर टक्क्यांत ती सापडतात. आता योग्य रोग्यात ही रक्ततपासणी पक्की आली, तर किडनीत सुई घालून तुकडा काढायची गरज नेहमी पडत नाही.

आणि हीच तपासणी नाही आली तर? तर डॉक्टरांना दुसरं कारण शोधावं लागतं. इथे गोष्ट आपल्या आरशासमोर येते.

२०२३च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, पाठोपाठ किडनीच्या आजारानं आजारी पडल्या. एका घरात तिघींना? आनुवंशिक म्हणावं तर आई आणि मुली एकाच वेळी कशा? मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत हे प्रकरण गेलं. तिघी एकच गोरं करणारं क्रीम लावत होत्या. ते क्रीम तपासलं तर त्यात पारा सापडला, तोही भरमसाट. पारा त्वचेत काळा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. मग तो कातडीतून रक्तात उतरतो आणि किडनीत जाऊन बसतो. भारताच्या २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत राहिलेला पारा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही.

२०२४ साली केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे बावीस रोगी. त्यांपैकी पंधरा जणांच्या किडनीत नेल-वन नावाचं प्रथिन सापडलं, पी.एल.ए.टू.आर. नव्हे. त्या पंधरांपैकी तेरा जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. यातली चांगली बातमी अशी, की क्रीम बंद केल्यावर बऱ्याच जणांची गळती कमी होत जाते. पण त्यासाठी कुणीतरी विचारायला हवं, ‘तू तोंडाला काय लावतेस?’ लघवीत पारा मोजता येतो, रक्तातही मोजता येतो. पण डॉक्टर तो मोजायला सांगणार केव्हा? प्रश्न सुचला तर. आणि लग्नाच्या मुलीची आई हे डॉक्टरला आपण होऊन सांगणार नाही. ‘काळी म्हणून नाकारली’ हे ऐकून घेतलेल्या घरात क्रीमची डबी औषधाच्या पिशवीत ठेवत नाहीत. तेव्हा गटाच्या बैठकीत आपणच विचारायचं. डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, किंवा यादीत मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराईड यांतलं काही दिसलं, तर ती डबी टाकून द्यायची नाही. जपून ठेवायची. ती पुरावा आहे.

आता एक भीती आहे ती बोलून दाखवते. मी इथे इतक्या तपासण्यांची नावं घेतली, उद्या कुणी ‘किडनी पॅकेज’ काढून गावात गाडी आणेल. आपण बीड जिल्ह्याच्या बायका आहोत, भीती कशी विकली जाते हे आपल्याला शिकवायला नको. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी झालेल्या सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. ‘पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल’, एका सोनोग्राफीच्या कागदावर. खाडा पडला की दंड, म्हणून बायकाही तयार झाल्या. त्याचं किडनीशी काय, असं विचाराल. पाळी जायच्या आधीच ज्यांची दोन्ही अंडाशयं काढली, त्यांच्यात पुढे किडनीचा दीर्घ आजार जास्त आढळला, असा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा २०१८चा अभ्यास आहे. आपल्या कितीजणींना माहीत आहे की ऑपरेशनमध्ये फक्त पिशवी काढली की अंडाशयंही? आक्काच्या ऑपरेशनच्या कागदावर तेही नीट लिहिलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं पॅकेज नको असं आहे. दोन तपासण्या हव्यात. रक्तातलं क्रिएटिनिन जी.एफ.आर.सकट, आणि लघवीची तपासणी. टोळी निघायच्या आधी एकदा, परत आल्यावर आठ-दहा दिवस विसावा झाला की एकदा. निकाराग्वात झालं ते आपल्याकडे व्हायला काय अडचण आहे? ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मागायचा हक्क आहे. आणि ती चिठ्ठी बाईच्या हातात राहिली पाहिजे, मुकादमाच्या वहीत नव्हे. ‘हिची किडनी कमी आहे, हिला उचल देऊ नका’, असं व्हायला वेळ लागणार नाही. हा मुद्दा मला इथल्याच एका बाईनं मागच्या बैठकीत सांगितला. माझ्या डोक्यात आला नव्हता.

आणखी एक आकडा सांगते आणि तो सोडून देते. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांवर झाली, ६,९४५ बायकांवर. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. बायको देते, आई देते, बहीण देते. आक्काला कुणी देईल का, हा विषय त्यांच्या घरात निघालेलाच नाही. मुलगी एकदा म्हणाली, “मी देते.” तेव्हा आक्काच म्हणाल्या, “तुला लेकरं हायत.” पण समजा ती तयारच झाली, तर पहिला प्रश्न येणार, आक्काचा आजार आनुवंशिक तर नाही ना? मुलीच्या किडन्या धड आहेत ना? आणि ते सांगता येत नाही, कारण तो रकाना कोरा आहे. म्हणजे कोऱ्या रकान्याची झळ आईपुरती राहत नाही.

मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. यंदाही कोयत्याला जाणार, उचल घेतलीय. मी तिला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेले. क्रिएटिनिन ०.९ आलं. जुन्या सवयीनं माझं पेन खूण करायला उचललं गेलं, मग मोबाईल काढून हिशोब केला. ९० आला. ठीक आहे. लघवीत अल्ब्युमिन नाही. रक्तदाब मात्र थोडा वर होता. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलंय, पण तीन महिन्यांनी ती फडात असेल. तर तिथल्या तालुक्यात आपल्या संघटनेची कोण आहे, याची चौकशी मी सध्या करते आहे. तुमच्यापैकी कुणाची सांगली किंवा बेळगाव भागात ओळख असेल तर चहाच्या वेळी मला गाठा.

मागच्या खोलीत सिस्टरबाई बसल्या आहेत, पट्ट्या आणि बाटल्या घेऊन. रक्तदाबही मोजतील. ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी लघवी आज देऊ नका, तारीख सांगून ठेवा. चिठ्ठी मिळाली की माझ्याकडे आणा. मी यावेळी मागची बाजूही वाचणार आहे.